पाखरांच्या खोलीतला वास: सुगंधाच्या नादी न लागता तो कसा आवरायचा

घरी कॉकटील जातीच्या छोट्या पोपटांची जोडी आणून चारेक महिने झाले असतील. एक गोष्ट हळूहळू लक्षात यायला लागली. घरी येणारा प्रत्येक जण त्या खोलीच्या दारात क्षणभर थबकायचा आणि मग जरा जास्तच हसायचा. खोलीला वास येत होता, आणि तो फक्त मलाच कळत नव्हता.

मग एके दिवशी पाहुणे येणार म्हणून मी सॉकेटमध्ये खोचायचा सुगंधी एअर फ्रेशनर आणला आणि त्या खोलीत लावून टाकला. तासाभराने खोली एकदम गप्प झाली. दिवसाउजेडी कॉकटील गप्प बसले तर समजायचं काहीतरी बिनसलंय. नराची शीळ बंद होती, अंग फुगवलेलं होतं आणि दर श्वासाला शेपटी खालीवर होत होती. प्लग उपटला, पिंजरा उचलून दुसऱ्या खोलीत उघड्या खिडकीपाशी नेला आणि तसेच दोघांना घेऊन डॉक्टरांकडे पळाले. दोघं वाचली. वास मात्र जिथल्या तिथे होता. तो नेमका कुठून येत होता हे कळायला आणखी दोन आठवडे गेले, ते पुढे सांगतेच.

नवीन पक्षी पाळणाऱ्यांपैकी निम्मे तरी याच वाटेने जातात: वास आला की सुगंध शोधायचा. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवतेय.

आधी सामान गोळा करा

- पिंजऱ्याच्या तळाच्या ट्रेच्या मापाने कापलेला साधा कागद, आठवडाभराचा गठ्ठा. न छापलेला असेल तर उत्तमच, वर्तमानपत्रही चालतं. गुळगुळीत, चकचकीत मासिकाचा कागद मात्र नको, तो ओल शोषत नाही
- गरम पाणी आणि बिनवासाचा, सौम्य भांड्यांचा साबण
- पांढरा व्हिनेगर
- दोन स्प्रे बाटल्या. एकीत फक्त साधं पाणी, दुसरीत व्हिनेगर-पाणी. दोन्हींवर ठळक चिठ्ठी चिकटवा. घाईत हात चुकतो
- प्लास्टिकची बोथट खरवडणी आणि जुने टूथब्रश दोन-तीन
- एन-९५ मास्क आणि हातमोजे
- पाणी आणि खाण्याच्या वाट्यांचा जादा संच, शक्यतो स्टीलचा
- जमल्यास हेपा फिल्टरचा एअर प्युरिफायर (कसला घ्यायचा ते सातव्या पायरीत आहे)
- पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा नंबर, दाराच्या मागे चिकटवलेला

सुगंधी असं या यादीत काहीही नाही, हे लक्षात आलं असेलच.

१. आधी वास ओळखा

आपलं नाक दहा-पंधरा मिनिटांत कोणत्याही वासाला सरावतं. म्हणून पक्ष्यांच्या खोलीत बसून वास शोधू नका. पाव तास घराबाहेर मोकळ्या हवेत थांबा, परत या आणि सरळ त्या खोलीत जाऊन खोल श्वास घ्या. पहिल्या दोन श्वासांत जे कळेल तेच खरं. घरी न राहणारं, तोंडावर खरं बोलणारं कोणी असेल तर आणखी बरं. मी माझ्या बहिणीला बोलावते. ती अजिबात भीड ठेवत नाही.

मग वास कसला आहे ते ठरवा, कारण उपाय त्यावर ठरतो.

नाकाला झोंबतो, डोळे चुरचुरतात: हा अमोनिया. विष्ठा ओली राहिलीय आणि बरेच दिवस राहिलीय.

आंबूस किंवा कुजकट: फळाचा तुकडा, भिजवलेले दाणे किंवा पाण्याची वाटी.

कुबट, ओल्या गोणपाटासारखा: बुरशी. हा सगळ्यात वाईट. अस्परजिलस नावाच्या बुरशीचे कण श्वासातून आत गेले की पक्ष्याच्या फुफ्फुसात आणि हवेच्या पिशव्यांत ठाण मांडतात, आणि तो आजार बरा करणं फार जिकिरीचं असतं. कुबट वास आला की ते काम उद्यावर टाकू नका.

कोरडा, पिठासारखा, धुळकट: पिसांची भुकटी. कॉकटील, कॉकाटू आणि आफ्रिकन ग्रे या पोपटांच्या अंगावर काही मऊ पिसं अशी असतात की ती झिजून त्यांची पावडरच होते. हा आजार नाही, त्यांची ठेवणच तशी.

आणि शेवटचा, पक्ष्याच्या अंगाचा स्वतःचा वास. मानेच्या पिसांत नाक घातलं की येतो तो. ॲमेझॉन जातीच्या पोपटांना तो चांगलाच जाणवण्याइतका असतो. न्यूझीलंडचा काकापो गोडसर कुबट वासाचा म्हणून ओळखला जातो, आणि क्रेस्टेड ऑकलेट नावाच्या समुद्रपक्ष्याला तर संत्र्याच्या सालीसारखा वास येतो. हा वास घालवायच्या भानगडीत पडू नका. तो घालवायचा म्हणजे पक्षीच घालवायचा.

२. वास येतो कुठून, हे एकदा समजून घ्या

पक्षी वेगळी लघवी करत नाहीत. जे पडतं त्यात तीन गोष्टी एकत्र असतात: हिरवट किंवा तपकिरी मळ, खडूसारखा पांढरा भाग आणि भोवतीचं थोडं पाणी. तो पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल. ताज्या विष्ठेला वास जवळजवळ नसतो. खडखडीत वाळलेलीलाही नसतो. पण ओल राहिली की जिवाणू कामाला लागतात आणि युरिक आम्लाचा अमोनिया करतात. थोडक्यात, ओल आणि वेळ दोन्ही मिळाले की वास तयार. एक पक्षी दिवसाला किती वेळा शिटतो हे मोजायला बसलात तर थकाल. बजीसारखे लहान पक्षी दिवसभरात चाळीस-पन्नास वेळा सहज शिटतात. ते थांबवता येत नाही. ओल आणि वेळ या दोन गोष्टी मात्र आपल्या हातात आहेत.

पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टींभोवतीच फिरतात.

३. काय आणायचं नाही, हे आधी ठरवा

मी ही पायरी स्वच्छतेच्या आधी मुद्दाम घेतलीय. कमी साफसफाईने पक्षी एका दिवसात मरत नाही, चुकीच्या उपायाने मरू शकतो.

पक्ष्याचा श्वास आपल्यासारखा नसतो. फुफ्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात, बहुतेक पक्ष्यांत नऊ. हवा फुफ्फुसातून एकाच दिशेने वाहत राहते आणि श्वास घेताना तसाच सोडतानाही त्यातला ऑक्सिजन काढून घेतला जातो. उडायला ही रचना झकास आहे. पण हवेत विष असेल तर तेही याच कार्यक्षमतेने रक्तात उतरतं. कोळशाच्या खाणीत कॅनरी पक्षी नेत ते याचसाठी. माणसाला विषारी वायूची चाहूल लागण्याआधी कॅनरी काठीवरून खाली पडायचा. ब्रिटनमधल्या खाणींत ही पद्धत १९८६ पर्यंत चालू होती.

तेव्हा पक्ष्यांच्या खोलीत, आणि शक्यतो घरातही, यांना मज्जाव:

- एअर फ्रेशनरचे स्प्रे, प्लग, जेलचे डबे
- सुगंधी मेणबत्त्या, उदबत्ती, धूप, कापूर
- सुगंधी तेलं आणि त्यांचे डिफ्यूझर. "नैसर्गिक" असं लिहिलेलं असलं तरी. टी ट्री तेल पक्ष्यांना विषारी आहे आणि तेही नैसर्गिकच आहे
- डांबराच्या गोळ्या
- डासांची कॉइल, कीटकनाशक फवारे
- फिनाईल आणि तीव्र वासाची फरशी पुसायची द्रावणं
- सिगारेटचा धूर
- ओझोन सोडणारी "हवा ताजी करणारी" यंत्रं
- कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्य, कारण पिंजऱ्यावरचं कापड त्यातूनच धुऊन येतं

स्वयंपाकघरातली एक गोष्ट वास घालवण्याशी थेट संबंधित नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. नॉनस्टिक भांड्यांवरचा पीटीएफई हा थर (टेफ्लॉन म्हणून ओळखला जातो तोच) साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे तापला की त्यातून निघणारी वाफ पक्ष्यांसाठी जीवघेणी असते. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला की काही मिनिटांत ती वेळ येते. आपल्याला धड वासही येत नाही, आणि पलीकडच्या खोलीतला पक्षी मिनिटांत जातो. असाच थर काही रूम हीटर, इस्त्र्या, एअर फ्रायर आणि तापदिव्यांवरही असतो. ओलसर खोली कोरडी करायला म्हणून पक्ष्यांजवळ हीटर लावण्याआधी त्याची माहितीपत्रिका वाचा.

एक घरगुती सापळाही आहे. वास शोषायला कॉफीची पूड वाटीत ठेवा, किंवा ट्रेमध्ये खायचा सोडा भुरभुरा, असं लोक फार विश्वासाने सांगतात. कॅफिन पक्ष्यांना विषारी आहे. आणि ट्रेमध्ये टाकलेलं काहीही आज ना उद्या चोचीत जातंच. सोडा घासायला वापरा, घासून झाल्यावर भरपूर पाण्याने धुवा. पसरून ठेवू नका.

४. पिंजऱ्याचा तळ

ऐंशी टक्के वासाचा निकाल इथेच लागतो, असं मी अनुभवावरून म्हणते, कुठे मोजलेलं नाही.

साध्या कागदापुढे सगळं फिकं आहे. लाकडाचा भुसा, मक्याच्या कणसाचे तुकडे, अक्रोडाच्या टरफलांचा चुरा, मांजरांसाठीची माती हे सगळं दिसतं छान, वासही काही दिवस दाबून धरतं, आणि तोच त्याचा दोष. खाली ओल साचते, वरून कोरडं दिसतं, आणि मध्ये बुरशीची मजा चालते. शिवाय पक्षी ते खातात आणि ते पोटात अडकतं. सीडरसारख्या सुवासिक लाकडाच्या भुशातली तेलं तर श्वासनलिकेला त्रासच देतात. कागद स्वस्त असतो, आणि रोज सकाळी त्यावरची विष्ठा दिसते. तिचा रंग, पातळपणा, संख्या बदलली की त्याच दिवशी कळतं. भुशात हे सगळं गडप होतं.

करायचं असं: रविवारी सात कागद एकावर एक ठेवायचे. रोज संध्याकाळी वरचा एक गुंडाळून काढायचा. गुंडाळताना आतल्या बाजूला दुमडत जायचं, म्हणजे धूळ उडत नाही. ओल खालच्या कागदापर्यंत झिरपली असेल तर तोही काढा, कंजूषपणा करू नका. पक्षी फळं खाणारे असतील तर दिवसातून दोनदा.

तळाची जाळी असेल तर ती वर ठेवा, म्हणजे पक्षी खाली उतरून घाणीत चालत नाही. पण जाळी स्वतःच घाण होते हे सगळे विसरतात. तिच्या तारा जिथे एकमेकींना छेदतात तिथे विष्ठा घट्ट बसते. आठवड्यातून एकदा ती काढून गरम पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवायची आणि मग घासायची.

आता माझा दोन आठवड्यांचा शोध. मी ट्रे रोज धूत होते. वास तरीही होता. एकदा वैतागून पिंजरा उताणा केला आणि टॉर्च मारला. ट्रे ज्या खाचेतून सरकतो, त्या खाचेच्या मागच्या कोपऱ्यात बोटभर लांबीचा काळा, चिकट थर होता. सफरचंदाची एक फोड कधीतरी मागे पडली असावी. तिच्यावर विष्ठा, तिच्यावर दाण्यांची फोलपटं, आणि ट्रे दर वेळी ढकलताना मी स्वतःच ते मागे दाबत होते. टूथब्रशने ते निघालं नाही. गरम पाण्याने भिजवलेलं फडकं वीस मिनिटं लावून ठेवलं तेव्हा सुटलं. दुसऱ्या दिवशी बहीण आली आणि म्हणाली, "पक्षी दिले का कुणाला?"

तेव्हा ट्रे धुवून समाधान मानू नका. ट्रेची खाच, पिंजऱ्याचे पोकळ पाय, चाकांच्या वरची जागा, दाराच्या बिजागऱ्या, वाटी अडकवायची कडी, पिंजऱ्यामागची भिंत आणि भिंतीच्या तळाची पट्टी: एकदा टॉर्च घेऊन हे सगळं बघा.

५. खाणं आणि पाणी

मऊ खाणं, म्हणजे फळं, शिजवलेलं, उकडलेलं अंडं, मोड आलेले दाणे, दोन तासांनंतर पिंजऱ्यात राहता कामा नये. उकाडा असेल तर एका तासानेच उचला. सकाळी मऊ खाणं द्या आणि उरलेलं काढल्यावर कोरडे दाणे ठेवा, म्हणजे विसरायचा प्रश्न येत नाही.

पाण्याच्या वाटीत बोट घालून तळ चोळून बघा. बुळबुळीत लागला तर तो जिवाणूंचा थर आहे, आणि नुसतं पाणी बदलून तो जात नाही. साबणाने घासून धुवावा लागतो. दिवसातून दोनदा पाणी बदला आणि रोज एकदा वाटी धुवा. दोन संच यासाठीच सांगितले: एक पिंजऱ्यात, एक वाळत. वाटी काठीच्या खाली लावू नका. ऐकायला वेडगळ वाटतं, पण नव्या माणसांच्या निम्म्या पिंजऱ्यांत ती तिथेच असते, आणि मग पाण्यात काय पडतं ते सांगायला नको.

६. धुणं-पुसणं

पहिला नियम: वाळलेली विष्ठा कोरडी खरवडायची नाही, झाडूने झाडायची नाही, साध्या व्हॅक्यूमने ओढायचीही नाही. तिची धूळ श्वासात जाते. पक्ष्यांकडून माणसाला होणारा सिटाकोसिस हा आजार याच धुळीतून पसरतो. क्लॅमिडिया सिटासी हा त्याचा जिवाणू. पक्षी वरवर ठणठणीत दिसतानाही तो पसरवू शकतो. म्हणून आधी साध्या पाण्याचा फवारा मारायचा, पाच-दहा मिनिटं मुरू द्यायचं, मग पुसायचं. तोंडाला मास्क. आणि तुम्हाला कधी ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला असं झालं तर घरात पक्षी आहेत हे डॉक्टरांना न विसरता सांगा. ते आपण होऊन विचारतीलच असं नाही.

दुसरा नियम: पक्षी आधी दुसऱ्या खोलीत, मग धुणं. लहानसा जादा पिंजरा असेल तर तो या कामाला फार उपयोगी पडतो.

आठवड्याच्या धुण्याला गरम पाणी आणि भांड्यांचा साबण पुरतो. पांढरे डाग हट्टी असतील तर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून फवारा. युरिक आम्लाचे कडक झालेले थर भिजले की सुटायला लागतात, त्यामुळे घासण्यापेक्षा थांबणं जास्त उपयोगी. मग साध्या पाण्याने धुवून पूर्ण कोरडं करायचं. व्हिनेगरचा वासही पक्ष्यांना झोंबतो, म्हणून तो पूर्ण उडून गेल्यावरच त्यांना परत आणा.

ब्लीच रोज लागत नाही. आजारपणानंतर किंवा वापरलेला पिंजरा आणलात तर वापरा. साधारण ५ टक्क्यांचं घरगुती ब्लीच असेल तर १ भाग ब्लीचला ३२ भाग पाणी. आधी घाण पूर्ण काढलेली हवी, कारण मळावर ओतलेलं ब्लीच वाया जातं. १० मिनिटं ओलं ठेवायचं, भरपूर पाण्याने धुवायचं, शक्यतो उन्हात वाळवायचं. हे सगळं मोकळ्या हवेत करायचं.

आणि हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो. ब्लीच आणि अमोनियाही नाही, त्यातून क्लोरामाइन निघतात. साचलेल्या, झोंबणाऱ्या वासाच्या विष्ठेवर थेट ब्लीच ओतणं हा दुसरा प्रकार झाला, आणि तो बरेच जण नकळत करतात. त्यात पक्ष्यांआधी तुमचाच श्वास कोंडेल.

लाकडी काठ्या ओल शोषतात. दोन संच ठेवा. एक घासून, उन्हात दोन दिवस कडकडीत वाळवा, तोवर दुसरा वापरा. दोरीच्या काठ्या आणि कापडी खेळणी कितीही धुतली तरी एका टप्प्यानंतर वास सोडत नाहीत, ती फेकायचीच. रात्री पिंजऱ्यावर घालायचं कापड दर आठवड्याला बिनवासाच्या पावडरीत धुवा. खोलीत घमघमाट आणि पिंजरा लखलखीत, असं कोडं पडलं तर बहुतेक वेळा उत्तर त्या कापडात असतं.

भिंतीसाठी एक सोपी युक्ती: पिंजऱ्यामागे ॲक्रिलिकचा किंवा जाड प्लास्टिकचा पारदर्शक पत्रा उभा करा. पुसायला दोन मिनिटं लागतात. रंगाच्या भिंतीत मुरलेली विष्ठा मात्र वर्षभर छळते, आणि पुन्हा रंग द्यायचा म्हणजे त्याच्या वासासाठी पक्ष्यांना काही आठवडे दुसरीकडे हलवणं आलं. गालिचे आणि जाड पडदे त्या खोलीतून काढलेत तर निम्मी लढाई तिथेच संपते.

७. हवा

खिडकी उघडणं हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात चांगला उपाय. दोन समोरासमोरच्या खिडक्या, किंवा एक खिडकी आणि एक दार, सकाळ-संध्याकाळ अर्धा तास तरी. पिंजरा मात्र त्या दोन्हींच्या बरोबर मधल्या झोतात नको. आणि खिडकीला पक्क्या तारेची जाळी हवी. "माझा पक्षी कुठे जात नाही" म्हणणाऱ्या माणसाचाच पक्षी उडून जातो.

हवा बाहेर फेकणारा पंखा खिडकीत लावता आला तर खोलीतली धूळही बाहेर जाते. मात्र त्यामुळे खोलीत दुसरीकडून कुठली हवा ओढली जातेय ते बघा. स्वयंपाकघराकडचं दार उघडं असेल तर फोडणीचा धूर सरळ पक्ष्यांकडे येईल.

एअर प्युरिफायर घेताना तीन गोष्टी बघा. हेपा फिल्टर हवा, तो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, म्हणजे पिसांची भुकटी आणि वाळल्या विष्ठेची धूळ त्यात सापडते. वास हा वायू असतो, तो हेपात अडकत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाचा थर हवा, आणि तो नावापुरत्या जाळीसारखा नको, चांगला जाड हवा. तिसरी गोष्ट म्हणजे आयोनायझर, प्लाझ्मा किंवा ओझोन असलं काहीही नको. बटणाने बंद करता येतं असं विक्रेता म्हणाला तर ते बटण घरात कोणीतरी चुकून दाबणार आहे हे गृहीत धरा आणि दुसरं मॉडेल बघा.

नवीन यंत्र पहिले दोन-तीन दिवस दुसऱ्या खोलीत चालवा, त्याच्या नव्या प्लास्टिकचा वास तिथेच जाऊ दे. बाहेरची जाळी आठवड्याला साफ करा. भुकटीने भरलेला फिल्टर काही दिवसांनी स्वतःच वास मारायला लागतो.

८. अंघोळ

भुकटीवर सगळ्यात साधा उपाय पाणी. आठवड्यातून दोन-तीनदा पक्ष्याला उथळ ताटलीत खेळू द्या किंवा वरून अंगावर पडेल असा साध्या, कोमट पाण्याचा बारीक फवारा मारा. तोंडावर नको. सकाळी करा, म्हणजे झोपेपर्यंत अंग वाळतं. साबण, शाम्पू, सुगंधी "पक्षी-स्प्रे" यातलं काहीही नको; पिसांवर जे लागेल ते चोचीने साफ करताना पोटात जातं. अंघोळीनंतर ट्रेचा कागद लगेच बदलायचा, नाहीतर ओल आपणच पुरवली असं होतं. माझ्याकडून हे पहिले कित्येक आठवडे व्हायचं.

९. वास पक्ष्यालाच येत असेल तर

सगळं स्वच्छ असूनही विष्ठेला घाण वास येत असेल, तोंडाला किंवा गळ्याखालच्या अन्नपिशवीपाशी आंबूस वास येत असेल, पोटाखालची पिसं चिकटलेली असतील, तर फडकं बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. आंबूस तोंड हे बहुतेकदा अन्नपिशवीतल्या संसर्गाचं लक्षण असतं.

एक अपवाद आहे, नाहीतर उगाच घाबराल. अंड्यावर बसलेली किंवा बसायच्या बेतात असलेली मादी तासन्‌तास धरून ठेवते आणि मग एकदम भलीमोठी, जबरदस्त वासाची विष्ठा टाकते. रात्रभर झोपून उठलेल्या पक्ष्याची पहिलीही मोठीच असते. बाकी पक्षी खातोय, ओरडतोय, तरतरीत आहे तर यात काळजीचं काही नाही.

१०. चुकून काही फवारलं, जळलं, सांडलं तर

चोच उघडी ठेवून श्वास, श्वासागणिक हलणारी शेपटी, अंग फुगवून डोळे मिटणं, काठीवर तोल न राहणं, अचानक आलेली शांतता. यातलं एकही दिसलं तर:

पक्षी आधी ताज्या हवेत न्या, कारण शोधत बसू नका. हवेशीर खोक्यात, अंधारात, उबदार आणि शांत ठेवा. तोंडात पाणी, तेल, औषध काहीही घालू नका. डॉक्टरांना फोन करून निघा. ज्या बाटलीमुळे किंवा डब्यामुळे झालं असेल तिचा फोटो काढून घ्या, लेबल वाचता येईल असा. पक्षी सावरल्यासारखा वाटला तरी दाखवाच. फुफ्फुसाला झालेली इजा काही तासांनी उघडी पडू शकते.

११. दोन तासांत पाहुणे येणार असतील तर

हीच वेळ मोहाची. मी आता असं करते: पक्षी जादा पिंजऱ्यात, दुसऱ्या खोलीत. खिडक्या सताड उघड्या. ट्रेमधले सगळे कागद एकदम बाहेर, आणि कचऱ्याची ती पिशवी गाठ मारून घराबाहेर (खोलीतल्याच डब्यात टाकली तर काय उपयोग). ट्रे, खाच आणि जाळी गरम साबणाच्या पाण्याने. पिंजऱ्यावरचं कापड धुवायला. फरशी आधी ओल्या फडक्याने, मग साध्या पाण्याने पुन्हा एकदा. वाट्या बदलायच्या. प्युरिफायर पूर्ण वेगावर. एवढ्याला चाळीस मिनिटं लागतात, उरलेला वेळ फरशी वाळायला.

मग पक्षी परत आणायचे, पाव तास गच्चीवर जाऊन यायचं आणि दारात उभं राहून दोन श्वास घ्यायचे. अजून वास येत असेल तर टॉर्च घ्या आणि पिंजऱ्याची मागची बाजू बघा.